न वाचता जाळायच्या चिठ्ठ्या

दृष्टांतवाल्या भाऊचं पितळ उघडं पाडायचं, आणि तेही गुपचूप नाही, रविवारी भरल्या चर्चमध्ये, हे तिनं ठरवलं तेव्हा ती दुधाच्या कॅनवर वाकून वास घेत होती. ठरवलं आणि तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्या सकाळी तिनं तीन कॅन परत पाठवले, तिन्ही वेळा हसून.

दूध संकलन केंद्रावर ती चौदा वर्षं तपासनीस होती. लोक तिला तोंडावर तपासनीसबाई म्हणत आणि पाठीमागे आणखी बरंच काही म्हणत. कॅनचं झाकण उघडायचं, पळीनं दूध ढवळायचं, नाकाशी न्यायचं, लॅक्टोमीटर सोडायचा, मग काचेच्या नळीत थोडं दूध घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाणी घालणाऱ्यांचं तिला फारसं काही वाटत नसे. तिचा खरा राग सोडावाल्यांवर. दूध आंबायला लागलं की हे लोक त्यात चिमूटभर सोडा टाकतात. आंबटपणा झाकला जातो, जिभेला काही कळत नाही, पिणारा म्हणतो वा, काय ताजं दूध आहे. थेंब पडले की मात्र नळीतलं दूध गुलाबी होतं. मग ती नळी त्या माणसाच्या डोळ्यांपुढे धरायची आणि अगदी हळू आवाजात म्हणायची, "दादा, कॅन परत न्या." ओरडली असती तर लोकांनी उलट उत्तर दिलं असतं, या हळू आवाजाला ते टरकायचे.

केंद्राचा एक नियम मात्र ती कसोशीनं पाळायची. नुसत्या वासावरून कुणाचा कॅन परत करायचा नाही. नळी गुलाबी होईपर्यंत संशय तो संशयच.

भाऊच्या बाबतीत नळी गुलाबी झाली होती. अडचण एवढीच, की ती फक्त तिलाच दिसली होती.

तो आला होता चार महिन्यांपूर्वी, पाहुणा उपदेशक म्हणून, दोन आठवड्यांसाठी. मग त्याला दृष्टांत व्हायला लागले आणि मुक्काम वाढत गेला. व्यासपीठावर डोळे मिटून उभा राहायचा, हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "प्रभू मला दाखवतोय... इथे एक बहीण आहे... तिच्या घरात एक रिकामी खुर्ची आहे..." आणि एक बहीण हुंदका देऊन उठायची. पूर्वी चर्चमध्ये साठ माणसं जमत, आता दोनशे जमायला लागली. कुणी शंका काढलीच, तर तो मोठ्या मायेनं समजवायचा की शंका हे सैतानाचं बोट असतं, ते धरून चालू नका. लोक माना डोलवायचे. खरं सांगायचं तर तीही डोलवायची. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या दुधावर संशय घेणाऱ्या बाईला सातव्या दिवशी कशावरच संशय न घेता नुसतं बसायला मिळालं, की काय सुख होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

त्या सुखात तिनं चिठ्ठी लिहिली.

चर्चच्या दाराशी चिठ्ठ्यांचा एक लाकडी डबा होता. ज्याला जे देवापाशी मागायचं असेल ते त्यानं लिहून फटीतून आत टाकायचं. नाव लिहायचं नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी डब्यावर प्रार्थना व्हायची आणि किल्लीकाका मागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात सगळ्या चिठ्ठ्या न वाचता जाळायचे. किल्लीकाका म्हणजे चर्चचे राखणदार. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ते यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. चिठ्ठी कुणी वाचायची नाही हा नियम इतका जुना होता की तो मोडता येतो हेच कुणाला सुचलेलं नव्हतं.

चिठ्ठीत तिनं लिहिलं होतं: लग्नाआधी मला एक मुलगा झाला. जन्मल्या दिवशीच त्याला अनाथाश्रमात दिलं. नवऱ्याला माहीत नाही. देवा, तो आहे ना कुठेतरी?

झाली होती मुलगी. पण अठरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट कागदावर उतरवताना तेवढा एक शब्द तिनं बदलला. देवाला खरं काय ते माहीतच आहे, कागदाला कशाला सांगा, असा तिचा हिशेब. आणि एक चूक तिच्या ध्यानातही आली नाही: चिठ्ठी लिहायला तिनं केंद्रावरचा छापील कागद घेतला होता, पाठकोरा.

पुढच्याच रविवारी भाऊनं डोळे मिटले. "मला दूध दिसतंय," तो म्हणाला. "पांढरंशुभ्र दूध. एक बहीण आहे, तिच्या हातांना दुधाचा वास आहे. बहिणी, लग्नाआधी तू एका मुलाला जन्म दिलास आणि टाकून आलीस. प्रभू म्हणतो, तुझा मुलगा मी सांभाळलाय!"

दोनशे माणसांत दूध केंद्रावर कामाला होती ती एकटी. आधी पुढच्या बाकावरची एक मान वळली, मग तिच्या शेजारची, मग सगळ्याच. तिच्याजवळ बसलेल्या नवऱ्यानं मांडीवरचं गीतांचं पुस्तक मिटलं, नीट बाकावर ठेवलं आणि तो उठून बाहेर गेला. तीन दिवसांनी तो कपडे घेऊन बहिणीकडे राहायला गेला. आणि मंडळी? मंडळी टाळ्या वाजवून देवाची स्तुती करत होती. तिची लक्तरं वेशीवर टांगली गेली आणि त्याला साक्षात्कार असं नाव पडलं.

ती तशीच पळाली होती, पर्स बाकावर टाकून. संध्याकाळी किल्लीकाका ती पर्स घेऊन पायी घरी आले. "पोरी, ही राहिली होती," एवढंच म्हणाले, पाणी प्यायले आणि गेले. त्या आठवड्यात तिच्या डोळ्याला डोळा देणारा तो एकच माणूस.

दोन दिवस तिला नुसती लाज वाटली. तिसऱ्या दिवशी, हातात नळी असताना, एकदम डोक्यात आलं: मुलगा? देव मुलगा का म्हणाला? त्या पोरीच्या कानामागे तांबडा डाग होता, हे पृथ्वीवर तिला आणि वर देवाला, दोघांनाच ठाऊक. मुलगा होता असं सांगणारी जगात एकच वस्तू होती आणि ती डब्यात पडली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज त्या आगीत कुठे जळाली तिला कळलंही नाही.

डबा त्याला उघडायला कसा मिळतो, तेही लवकरच कळलं. काकांनीच कौतुकानं सांगितलं, "भाऊ म्हणाले, चिठ्ठ्यांवर हात ठेवून प्रार्थना करायचीय, किल्ली असू द्या माझ्यापाशी. एवढी तळमळ मी कुणात बघितली नाही बघ."

मग ती पाळकसाहेबांकडे गेली. साधा, सतत खोकणारा माणूस. भरलेले बाक बघून चार महिने त्याच्या जिवाला बरं वाटत होतं, आणि त्यात खडा पडणार हे तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं असावं.

"तुम्ही दुखावल्या आहात, ताई," तो म्हणाला. "घर मोडलंय. अशा वेळी माणसाला..."

"पाळकसाहेब, मुलगी होती."

"काय?"

"मला मुलगी झाली होती. चिठ्ठीत मी खोटं लिहिलं, मुलगा. त्यांच्या प्रभूनंही मुलगाच पाहिला."

पाळक चष्मा काढून म्हणाला, "मी आधीच विचारायला हवं होतं. सगळ्याची पारख करा, असं शास्त्र सांगतं, आणि मी बाक मोजत बसलो." तो खोकला. "असं करू. तुम्ही आणखी एक चिठ्ठी टाका, रचलेली. तिची नक्कल बंद पाकिटात माझ्याकडे द्या. तो जर तेच बोलला, तर मी आणि मंडळीतले दोन वडीलधारे त्याला इथे बसवून जाब विचारू, आणि मग मंडळीला नीट सांगू. पारख करायची, तमाशा नाही."

पाळक म्हणत होता ते बरोबर होतं. कॅन असता तर तिनंही हेच केलं असतं.

"इथे? या खोलीत? दार लावून?"

"हो."

"मला त्यानं दोनशे माणसांसमोर उघडं केलं."

"म्हणूनच म्हणतो, ताई..."

"बरं," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. पाळकाला वाटलं, पटलं. केंद्रावर दूध घालणारा एखादा तिथे असता तर त्यानं पाळकाला सावध केलं असतं.

चिठ्ठी लिहिताना तिला मजा आली, हे लपवण्यात अर्थ नाही. एकेक तपशील ती चवीनं निवडत होती. बाई नको, बाप घ्यावा. मुलाला रागानं घराबाहेर काढलेला बाप. मुलगा काय घेऊन गेला? ट्रंक. निळी ट्रंक. आणि झाकणावर पांढऱ्या रंगानं काढलेलं जहाज, म्हणजे नंतर कुणाला योगायोग म्हणायला जागा नको. असा कुणाचा मुलगा खरोखर गेलेला नाही ना, हे तिनं सगळी मंडळी डोळ्यांपुढे आणून तपासलं. बाकामागून बाक. कुणी नव्हतं. डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात तिनं ते उतरवलं आणि शनिवारी दुपारी डब्यात टाकलं. काका दाराच्या बिजागरीला तेल देत होते. "आज चिठ्ठी? टाक, टाक," ते म्हणाले. "मागणाऱ्यानं मागावं." पाकीट तिनं पाळकाला दिलं.

रविवारी ती मधल्या बाकावर बसली, मुद्दाम, जिथे त्या दिवशी माणसं तिला वळून बघत होती तिथेच. नवरा पलीकडच्या रांगेत त्याच्या बहिणीशेजारी होता. तो आला होता हे बरंच झालं. भाऊ व्यासपीठावर चढला. डोळे मिटले. हात पुढे केला.

"एक बाप दिसतोय मला," तो म्हणाला, आणि तिला आतून उकळी फुटली. "म्हातारा बाप. त्याच्या काळजाला काटा टोचलाय. त्यानं रागानं पोराला घराबाहेर काढलं... पोराच्या हातात काय आहे? पेटी... नाही, ट्रंक आहे. निळी ट्रंक. प्रभू, हे पांढरं काय दिसतंय? जहाज! ट्रंकेवर जहाज आहे!"

आता उठायचं. तिनं पुढच्या बाकाची पाठ धरली. एवढा आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

मागून किल्ल्या वाजल्या.

सगळे वळले. दाराजवळच्या शेवटच्या बाकापाशी किल्लीकाका उभे होते. "मी," ते म्हणाले. "तो बाप मी आहे."

"येईल, काका!" भाऊ दोन्ही हात पसरून गरजला. "प्रभू म्हणतो, हा महिना संपायच्या आत तुझा मुलगा तुझ्या दारात उभा राहील!"

हे चिठ्ठीत नव्हतं. हा त्याचा स्वतःचा सोडा. काका लहान पोरासारखे रडायला लागले आणि शेजारच्यांनी त्यांना धरलं.

तिला बसता आलं असतं. पाळक पुढच्या बाकावरून तिच्याकडेच बघत होता. त्यानं मान हलवली, नको, आत्ता नको. तिनं ते पाहिलं, तिला ते समजलं, आणि ती उठली. इतके दिवस दातओठ खाऊन जपलेली गोष्ट एका म्हाताऱ्याच्या रडण्यासाठी गिळायची तिची तयारी नव्हती.

"ती चिठ्ठी मी लिहिली," ती म्हणाली. अगदी हळू, पण चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती. "ट्रंक मी रचली. जहाज मी रचलं. असा मुलगा नाही आणि असा बाप नाही. भाऊ डब्यातल्या चिठ्ठ्या वाचतात. नक्कल पाळकसाहेबांच्या खिशात आहे."

"बहिणी, शत्रू तुझ्या तोंडून बोलतोय," भाऊ म्हणाला, पण त्याचा पुढे केलेला हात खाली आला होता.

पाळक सावकाश उठला. पाकीट फोडलं. मोठ्यानं वाचलं. निळी ट्रंक, जहाज, सगळं जसंच्या तसं. त्यानंतरचा गोंधळ काय सांगावा! ज्या बहिणींनी आजवर हुंदके दिले होते त्या आपण कधी काय लिहिलं होतं ते आठवून पांढऱ्या पडल्या. दोघेतिघे बाकांवरून व्यासपीठाकडे धावले. भाऊनं आपलं पुस्तक काखेत मारलं आणि तो बाजूच्या दारानं जो सटकला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याचा तो पळतानाचा चेहरा तिनं डोळे भरून पाहून घेतला.

या सगळ्या गलक्यात काका उभेच होते. "काय म्हणाली ती?" त्यांनी शेजारच्याला विचारलं. त्यानं सांगितलं. काकांनी डोळे पुसले. "पण निळीच होती," ते म्हणाले. "मला आठवतंय ना. निळीच होती."

फाटकाशी नवरा थांबला होता.

"बरोबर पकडलंस त्याला," तो म्हणाला.

"हो."

"पण मूल झालं होतं ना?"

"हो. मुलगी."

त्यानं मान डोलवली आणि तो बहिणीमागून निघून गेला. एवढा मोठा सूड उगवला, नाक कापलं, धूळ चारली, आणि घरी येऊन तिनं एका माणसाचा स्वयंपाक केला.

सोमवारी केंद्रावरून सुटल्यावर ती थेट चर्चच्या मागे गेली. काकांची एकच खोली होती तिथे. दार सताड उघडं. आत काकांच्या खाटेशेजारी कुणाकडून तरी मागून आणलेली दुसरी खाट लावलेली होती आणि काका तिच्यावर नवी चादर घालत होते.

"ये, पोरी. हे टोक धर जरा."

तिनं टोक धरलं नाही. "काका, काल मी बोलले ते तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं की. कान शाबूत आहेत माझे." त्यांनी चादर स्वतःच ओढली. "तो भामटा निघाला. जाऊ दे. पण त्यानं तुझं वाचलं. मग तुला कसं सुचलं? दोनशे माणसांत माझीच गोष्ट तुला कशी सुचली, सांग बघू. मी तर कुणाजवळ बोललो नव्हतो. म्हणजे ते तुला दाखवलं गेलं. त्याला नाही, तुला." ते हसले. "तू खोटं नाही सांगायचीस. तू पास केलेलं दूध चौदा वर्षं सगळे डोळे मिटून पितात."

ते तिच्याकडे बघत उभे राहिले. नुसतं हो म्हणायचं होतं. म्हातारा महिनाभर सुखात राहिला असता, आणि मंडळीत तिची मान परत वर झाली असती, नवरासुद्धा कदाचित आला असता. हे किती सोपं आहे ते तिला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं, आणि ती घाबरली. भाऊनंही कधीतरी पहिला हो असाच म्हटला असणार, कुणाच्या तरी अशाच डोळ्यांत बघून.

"मला कुणी काही दाखवलं नाही, काका," ती म्हणाली. "मला त्या माणसाचा सूड घ्यायचा होता. पाळकसाहेबांनी नीट वाट दाखवली होती, ती मला नको होती. मला लोकांसमोर हवं होतं. गोष्ट रचताना कुणाला लागायला नको म्हणून मी सगळी मंडळी मनात तपासली, बाकामागून बाक. तुम्ही त्यात नव्हता. तुम्हाला मुलगा असेल असं माझ्या मनातही आलं नाही, कारण इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही. आणि काल तुम्ही उभे राहिलात ते मी पाहिलं होतं. तरी बोलले."

काका खाटेवर बसले. नव्या चादरीवरची सुरकुती त्यांनी हातानं सारखी केली. पुन्हा केली.

"मग ट्रंक?"

"ट्रंक नव्हती, काका."

बाहेर कुणीतरी सायकल लावली, घंटी वाजली, काकांनी दाराकडे बघितलं. कुणी आलं नाही.

"नव्हतीच," ते शेवटी म्हणाले. "रिकाम्या हातानं गेला. थंडीचे दिवस होते. अंगातला स्वेटर मी काढून घेतला होता. म्हटलं, हा माझ्या पैशाचा आहे, ठेव इथे." त्यांचा हात चादरीवर थांबला. "निळा होता तो स्वेटर. काल ती ट्रंक निळी झाली तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, पोरगा काहीतरी घेऊन गेला होता."

ती दारातच खाली बसली.

"हे मी चिठ्ठीतसुद्धा कधी लिहिलं नाही," काका म्हणाले. "इतकी वर्षं डब्याची किल्ली माझ्याकडे, जाळणारा मी, तरी नाही लिहिलं. तू कुणाला सांगू नकोस, पोरी."

"नाही सांगणार," ती म्हणाली. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि आपलं हे बोलणं त्यांना खरं वाटतंय का, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.